डीएक्स७ला नॉब जोडले
१९८३च्या यामाहा डीएक्स७ या सिंथवर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर) आवाज घडवायचा तर एकच स्लायडर आणि दोन ओळींची स्क्रीन. म्हणून बीसीआर२००० हा नॉबवाला मिडी कंट्रोलर (वाद्यांना संदेश पाठवणारं यंत्र) जोडला, पण नॉब फिरवून आवाज ढिम्म हलेना. हा सिंथ पॅरामीटर बदलायला साधे सीसी (कंट्रोल चेंज) संदेश मानत नाही, त्याला सिसेक्सच, म्हणजे खास त्या यंत्रासाठीचा संदेशच, लागतो. म्हणून सिंथच्या फंक्शन ८मध्ये ‘सिस इन्फो अव्हेल’ केलं, म्हणजे सिसेक्सची देवाणघेवाण सुरू केली. चॅनल १वर दुसऱ्या ऑपरेटरच्या (आवाज घडवणाऱ्या घटकाच्या) आउटपुट लेव्हलसाठी नॉबला हेक्स (सोळा-आधारी आकड्यांतला) संदेश दिला: एफ० ४३ १० ०० ६४, मग नॉबची किंमत, शेवटी एफ७. कमाल किंमत ९९ ठेवा, १२७ नाही. आता इलेक्ट्रिक पियानो वाजवता वाजवता त्यातली घंटेसारखी किणकिण हळूहळू वर येताना ऐकू येते, फार सुंदर वाटतं! पॅच (साठवलेला आवाज) बदलण्याआधी मात्र आवाज साठवा. बदल फक्त एडिट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, असतात.