पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क काढण्याआधी

कॉपीची पट्टी शेवटपर्यंत गेली म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर उतरलीच, असं नसतं. ऑपरेटिंग सिस्टिम डेटा आधी रॅममध्ये घेते आणि मग सवडीनं यूएसबीवर लिहिते. यालाच राइट कॅशिंग म्हणतात. त्या मधल्या वेळात पेनड्राइव्ह उपसला, तर फाइलचं नाव दिसतं पण आतला मजकूर अर्धाच असतो किंवा मुळीच नसतो. लिनक्सवर हे स्पष्ट कळतं. मोठा व्हिडिओ काही सेकंदांत 'कॉपी झाला' दिसतो आणि इजेक्ट (ड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा) दाबल्यावर कॉम्प्युटर कितीतरी वेळ ढिम्म. तो अडकलेला नसतो, खरं लेखन तेव्हाच चालू असतं.

'विंडोजमध्ये आता इजेक्ट करावं लागत नाही' हे सर्रास ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हे धोरण आपोआप लागू असतं, म्हणजे विंडोज लेखन मागे ठेवत नाही. पण उपसण्याच्या क्षणी जे लिहिणं चालू आहे ते तुटतंच. शिवाय झेरॉक्सच्या किंवा डीटीपीच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कोणतं धोरण आहे हे बाहेरून दिसत नाही. स्वतःच्या मशीनवर पाहायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्क ड्राइव्ह्ज' उघडा, आपल्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि मग 'पॉलिसीज' हा टॅब. तिथे 'बेटर परफॉर्मन्स' निवडलेलं असेल तर इजेक्टला पर्यायच नाही.

माउस, कीबोर्ड, वेबकॅम खुशाल काढा. यूएसबी-ए, म्हणजे नेहमीच्या चपट्या आयताकृती प्लगमध्ये वीज आणि अर्थिंगच्या पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा लांब असतात, त्यामुळे काढताना डेटा आधी तुटतो आणि वीज शेवटी. चालू मशीनमधून काढता यावं अशीच ती रचना आहे. फोन फाइल ट्रान्स्फरवर जोडला असेल तर कॉपी संपल्यावर केबल काढली की झालं. प्रिंटरची रांग रिकामी होऊ द्या. यूएसबी साउंडकार्डला स्पीकर जोडलेले असतील तर आधी आवाज शून्यावर आणा, नाहीतर धप्प असा झटका बसतो. हब किंवा डॉक (एका पोर्टला अनेक उपकरणं जोडून देणारा डबा) काढताना मात्र त्यावर बसलेली प्रत्येक डिस्क आधी वेगवेगळी इजेक्ट करायची. नेमकं हेच विसरलं जातं.

विंडोजमधली रीत: त्या ड्राइव्हवरच्या फाइली बंद करा, ज्या खिडकीत ड्राइव्ह उघडला आहे तीही बंद करा. टास्कबारच्या उजव्या टोकाच्या बाणावर क्लिक करून यूएसबीचं चिन्ह निवडा आणि आपल्या ड्राइव्हच्या नावापुढचं 'इजेक्ट' दाबा. 'सेफ टू रिमूव्ह हार्डवेअर' असा संदेश आला की काढा.

संदेशाऐवजी 'डिव्हाइस इज करंटली इन यूज' आलं तर खरी डोकेदुखी सुरू होते. बहुतेकदा एखादा प्रोग्राम ड्राइव्हवरची फाइल धरून बसलेला असतो: मागे उघडं राहिलेलं वर्ड, चालू स्कॅन करणारा अँटिव्हायरस, त्या ड्राइव्हवर उघडलेला कमांड प्रॉम्प्ट. कधी कधी कोण अडवतंय हे शोधायला उघडलेला टास्क मॅनेजरच अडवत असतो! अंदाज करत बसण्यापेक्षा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, 'विंडोज लॉग्ज' मध्ये 'सिस्टिम', आणि 'कर्नल-पीएनपी' या स्रोताची २२५ क्रमांकाची नोंद शोधा. इजेक्ट कुणी रोखलं त्या प्रोग्रामचं नाव आणि प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) तिथे लिहिलेला असतो. तो प्रोग्राम बंद करून पुन्हा प्रयत्न करा. आयडी ४ असेल तर अडवणारी खुद्द सिस्टिम आहे. साइन आउट करून पाहा, नाहीतर सरळ शट डाउन करा. शट डाउनला कमीपणा मानू नका, तोच सगळ्यांत खात्रीचा मार्ग. स्लीप म्हणजे शट डाउन नव्हे. झाकण मिटलेल्या लॅपटॉपची डिस्क आधी तो जागा करून, इजेक्ट करूनच काढा.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या क्रमांकावर राइट क्लिक करून 'ऑफलाइन' करण्याचाही उपाय आहे. तो पोर्टेबल हार्डडिस्कला चालतो, साध्या पेनड्राइव्हला नाही. पुढच्या वेळी त्याच कॉम्प्युटरवर ती डिस्क दिसली नाही तर घाबरू नका. तिथेच जाऊन 'ऑनलाइन' करा.

फिरत्या तबकड्यांच्या हार्डडिस्कला आणखी थोडी सबुरी लागते. इजेक्टनंतर थरथर थांबेपर्यंत, साधारण १० सेकंद, थांबा. अचानक वीज गेली तरी तबकडीच्या उरलेल्या फिरण्यातून मिळणाऱ्या विजेवर डिस्क आपलं हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) जागेवर नेते, पण ती तातडीची सोय आहे, रोजची नव्हे. अशा प्रसंगांची मोजदाद 'स्मार्ट' माहितीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांत, १९२ क्रमांकाच्या नोंदीत होते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर लाइट गेली तर डिस्कच्या दृष्टीनं ते उपसणंच. केबल काढल्यावरही तबकड्या काही क्षण फिरत असतात, तेव्हा डिस्क टेबलावरच राहू द्या. केबल ओढू नका, प्लगचं अंग धरून सरळ रेषेत काढा. पोर्टेबल डिस्कचं ते रुंद, चपटं मायक्रो-बी सॉकेट तिरक्या ओढीनं लवकर सैल होतं, आणि मग फाइल कॉपी होतानाच जोडणी तुटू लागते.

मॅकवर फाइंडरमधल्या इजेक्टच्या चिन्हावर क्लिक पुरे. डिस्क सुटत नसेल तर टाइम मशीनचा बॅकअप चालू आहे का पाहा. 'फोर्स इजेक्ट' शेवटी. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'सिंक' ही आज्ञा देऊन ती परत येईपर्यंत थांबा आणि मग अनमाउंट करा, म्हणजे ड्राइव्ह सिस्टिमपासून सोडवा.

आणि घाईत उपसलाच असेल तर? पुन्हा लावल्यावर 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं आणि फाइली उघडत असतील, तर आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा, दुरुस्ती नंतर. 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर 'कॅन्सल'. पेनड्राइव्हवर सहसा असणारे फॅट३२ आणि एक्सफॅट हे फाइल सिस्टिमचे (ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) प्रकार अशा वेळी जास्त नाजूक ठरतात, कारण त्यांत बदलांची नोंदवही नसते. विंडोजच्या एनटीएफएस या प्रकारात ती असते, पण ती फोल्डरांची रचना सावरते, फाइलमधला न लिहिलेला मजकूर परत आणत नाही. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) चालवल्यावर 'फाउंड' नावाचं लपलेलं फोल्डर तयार झालेलं दिसू शकतं. त्यातले सीएचके फाइलींचे तुकडे लगेच पुसू नका. हरवलेला फोटो त्यातच सापडू शकतो, फक्त नावाचं शेपूट बदलून जेपीजी करून पाहावं लागतं.