गणपतीला गावी निघण्याआधी: जुन्या गाडीचे हेडलाइट

गणपतीला कोकणात जायचं तर रात्रीचा प्रवास, पाऊस आणि समोरून येणाऱ्या गाड्यांची न संपणारी रांग हे धरूनच चालायचं. त्यात गाडी दहा-पंधरा वर्षांची ऑल्टो, वॅगनआर किंवा सँट्रो असेल तर परशुराम घाटात पोचेपर्यंत ‘आपले लाइट लागलेत ना?’ असा प्रश्न दोनदा तरी पडतो. मग चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात माणूस अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात जातो आणि सगळ्यात पांढरा दिसणारा बल्ब बसवून येतो. माझं मत नेमकं उलटं आहे: बल्ब सगळ्यात शेवटी. आधी गाडीचा मूळचा उजेड कुठे गळतोय ते शोधायचं. काम दोन रविवारचं आहे, पण सामान जमवायला वेळ लागतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास सुरुवात केली की घाई होत नाही.

पहिल्या रविवारी दिवसाउजेडी गाडीसमोर उकिडवं बसा आणि काचेकडे बघा. जुन्या मारुती 800 ला खरी काच असते; ती पिवळी पडत नाही, धुतली की झालं. नंतरच्या गाड्यांची ‘काच’ म्हणजे पॉलिकार्बोनेट. त्यावरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ती पिवळट, दुधाळ होते आणि उजेड पुढे जाण्याऐवजी तिथेच फाकतो. यासाठी मास्किंग टेप, 800 पासून 3000 पर्यंतच्या नंबरांचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचे पॉलिश पेपर; नंबर मोठा तितका पेपर बारीक), पाण्याची बाटली, रबिंग कंपाउंड (चमक आणायची पेस्ट) आणि यूव्ही क्लिअर कोट (उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर) आणून ठेवा. घासताना पेपर आणि काच सतत ओली हवी, आणि पुढच्या नंबरवर जाताना दिशा बदलायची: आधी आडवं, मग उभं. म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे राहिलेत का ते लगेच दिसतं. टूथपेस्टने चमक येते, हे खोटं नाही. पण वरचा थर परत दिला नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पहिल्यासारखी होते. श्रावणातलं ऊन बेभरवशाचं. दमट हवेत क्लिअर कोट पांढुरका पडतो, त्यामुळे हे काम कोरड्या दुपारी, छपराखाली करावं.

काचेतून आत डोकावून रिफ्लेक्टरही, म्हणजे बल्बमागची चकचकीत वाटीही, बघून घ्या. त्याची चांदी म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर असतो, फडकं लावलं की निघून येतो. धूळ असेल तर राहू द्या. चांदी उडालेली किंवा करपलेली असेल तर पुढचे सगळे उपाय व्यर्थ. नवी असेंब्लीच, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट पूर्ण दिवाच, घ्यावी लागेल. आत पाणी धरत असेल तर मागचं रबरी बूट फाटलंय का ते आधी पाहा, स्वस्तात सुटण्याची शक्यता असते.

नवी असेंब्ली ऑनलाइन मागवणार असाल तर एक गोष्ट पक्की करा. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून आपल्या डिपरचा (खाली झुकलेल्या लाइटचा) झोत डाव्या कडेला थोडा वर चढतो, रस्त्याची कड आणि पायी चालणारे दिसावेत म्हणून. अमेरिका-युरोपसाठी बनवलेल्या दिव्यांत तो उजवीकडे चढतो. तसले दिवे इथे लावले तर तो चढलेला झोत थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत. दिसायला कितीही देखणे असोत, नको. स्पेअर पार्टच्या दुकानातून आपल्याच मॉडेलची, गाडीला मूळ पुरवठा करणाऱ्या कंपनीची असेंब्ली घ्या.

आता वायरिंग. इथे वेळ घालवलेला सगळ्यात जास्त वसूल होतो आणि नेमकं हेच कुणी करत नाही. एक साधा मल्टीमीटर घ्या. इंजिन चालू, डिपर लावलेला, अशा स्थितीत आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) ठणठणीत असेल तर 14 च्या आसपास आकडा येतो. मग बल्बच्या मागे, होल्डर लावलेलाच ठेवून, डिपरच्या आणि अर्थच्या पात्यांवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टचा फरक चालून जाईल. दीड-दोन व्होल्ट मधल्यामध्ये गडप होत असतील तर गाडीचा उजेड तिथे जातोय. हॅलोजनचं गणित निर्दय आहे: व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटलं की उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. कारण जुन्या गाड्यांत बल्बचा करंट बॅटरीपासून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जातो आणि तिथून बारीक वायरीने परत पुढे येतो. वाटेतला प्रत्येक जुना जोड थोडं थोडं खातो. होल्डर काढून पाहा: प्लास्टिक तपकिरी पडून ठिसूळ झालेलं, आतल्या पितळी पकडी सैल, त्यावर हिरवट थर. मग मीटरही लागत नाही.

कधी कधी नुसतं अर्थिंग साफ करून भागतं. बॉडीला जिथे अर्थची वायर बोल्टने आवळलेली असते तो बोल्ट काढा, खालचा रंग-गंज खरवडा, परत आवळा, पुन्हा मोजा. फरक तरीही राहिला तर रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बाजारात तयार रिले किट मिळतं: दोन रिले (एक डिपरचा, एक अप्परचा म्हणजे लांबवर जाणाऱ्या लाइटचा), फ्यूज, जाड वायर आणि सिरॅमिक होल्डर. गाडीचा मूळ होल्डर किटच्या सॉकेटमध्ये घुसतो आणि तो फक्त रिलेला इशारा देतो. बल्बचा करंट थेट बॅटरीवरून येतो. किट घेताना वायर 2.5 स्क्वेअर एमएमची आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ आहे ना, हे बघा. आणखी एक, जे दुकानदार सांगत नाही: जपानी घराण्याच्या काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्ह बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो. तिथे साधं किट चालत नाही. म्हणून आधी टेस्टरने तपासा, मग पैसे मोजा. मूळ वायरिंग मात्र कापू देऊ नका. इलेक्ट्रिशियनच्या हातात पक्कड दिसली की आधीच सांगून ठेवा.

इतकं झाल्यावर रात्री एक फेरी मारा. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच संपतं.

तरी बल्ब बदलायचाच असेल तर जोडीने बदला, आणि वरच्या गाड्यांसाठी एच4 (अप्पर-डिपरच्या दोन फिलामेंटचा बल्ब), 60/55 वॅटच: अप्पर 60, डिपर 55. 100/90 चे बल्ब दुकानात सर्रास मिळतात. त्यांच्या खोक्यावरच ते सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीत असं छापलेलं असतं. रिलेशिवाय ते लावले तर होल्डर वितळतो, स्विच भाजतो. रिलेसकट लावले तरी प्लास्टिकच्या काचेला आणि रिफ्लेक्टरला ती धग सोसत नाही. निळसर काचेचेही टाळा, निळा रंग म्हणजे उजेड गाळणारी चाळणीच. 60/55 मध्येच जास्त उजेडाचे चांगले बल्ब येतात. त्यांचं आयुष्य कमी, पण वर्षातून चार वेळा गावी जाणाऱ्याला काय फरक पडतो? बल्बच्या बुडावर गोलात ‘ई’ आणि आकडा, म्हणजे मान्यतेची खूण, कोरलेला असावा. बसवताना काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

एलईडीबद्दल विचारणार, माहीत आहे. एच4 बल्ब उजेडात धरून बघा: डिपरच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी दिसेल. खालच्या बाजूला जाणारा, म्हणजे रिफ्लेक्टरवर आपटून वर गेला असता तो, उजेड ती अडवते, म्हणून भिंतीवर झोताची वरची कड सरळ कापल्यासारखी उमटते. रिफ्लेक्टरचा आकार त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप त्याच जागी, त्याच आकारात बसली नाही की उजेड वर उधळतो. तुम्हाला वाटतं झकास दिसतंय, आणि समोरचा शिव्या घालत असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम याच्यावरच आहे: 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपता कामा नयेत. पावसात तर पांढराशुभ्र उजेड ओल्या डांबरावर नाहीसाच होतो. एलईडी किंवा एचआयडी (झेनॉन गॅसचे दिवे) हवेच असतील तर त्यासाठी बनवलेली पूर्ण असेंब्ली हवी, आणि जुन्या गाडीला तो खर्च मला पटत नाही.

शेवटचं काम झोत लावण्याचं. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या जागी एक माणूस आणि सपाट जमीन. भिंतीपासून दिवा 7.5 मीटरवर येईल अशी गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीला चिकटपट्टी लावा, आणि डिपरची कड तिच्या साधारण 7.5 सेंटीमीटर खाली आणा. बहुतेक गाड्यांत बोनेट उघडलं की मागे स्क्रू दिसतो. एका वेळी एकच दिवा जुळवा, दुसऱ्यावर जाड फडकं टाका.

पण निघायच्या दिवशी डिकीत मखर, मोदकांचं सामान, मागे तीन माणसं, म्हणजे गाडीचं नाक वर आणि झोतही वर. डॅशबोर्डवर लेव्हलची चकती असेल तर ती फिरवून झोत खाली घ्या. नसेल तर सामान आणि माणसं भरल्यावर त्याच भिंतीसमोर दोन मिनिटं थांबून स्क्रू खाली करून घ्या, आणि परतल्यावर पूर्ववत करायला विसरू नका. काढलेले जुने बल्ब चालू असतील तर फेकू नका. नव्यांच्या खोक्यात घालून, दोन जादा फ्यूज आणि तो स्क्रूड्रायव्हर यांच्यासह ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका.