मोटारहोममधली गादी खालून ओली का होते आणि त्यावर काय करावे

पावसाळ्यात कोकणातून परत आलो, मोटारहोममधली गादी उचलली, तर खालच्या अंगाला काळ्या बुरशीचे ठिपके. छत गळत नव्हते. पाणी आमचेच होते, रात्रभराच्या घामाचे आणि श्वासाचे. वाफ गादीतून खाली उतरते, गार प्लायवूडवर तिचे पाणी होते आणि वर गादी दडपलेली असल्याने ते सुकत नाही. म्हणून महागडी गादी घेण्याआधी तिच्याखालच्या फळीकडे बघा. खालून हवा खेळावी म्हणून तिला भोके पाडायची आहेत.

फळी सुटत असेल तर बाहेर काढा आणि उन्हात खडखडीत वाळवा. सुटत नसेल तर खालून वायर, पाईप किंवा टाकी जाते का ते टॉर्च मारून पाहा. आम्ही पाहिले नाही, आणि होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) टाकीच्या झाकणाला घासला!

18 मिमी प्लायवर दर 15 सेंटिमीटरला खूण करा. कडेजवळ आणि खालच्या आधारपट्ट्यांवर भोक नको. 40 मिमीचा होल सॉ लावा. मधले टोक पलीकडे डोकावले की थांबा, फळी उलटवा आणि उरलेले त्या बाजूने कापा, म्हणजे ढलप्या उडत नाहीत. कडा पॉलिश पेपरने घासा आणि भोकांच्या आतूनही वॉर्निश फिरवा, नाहीतर प्लाय तिथूनच पाणी पिते. फळी 12 मिमीची असेल तर भोके पाडू नका, ती लवते. त्याऐवजी तीन-चार सेंटिमीटरच्या फटी ठेवून लाकडी पट्ट्या ठोका.

खालचा कप्पा गच्च भरला तर ही मेहनत वाया. (आमचा अजूनही भरलेलाच असतो.)

चाकाच्या उंचवट्यापाशी फोम अडत असेल तर खोळ काढा, मार्करने रेघ मारा आणि ब्रेडच्या दातेरी सुरीने, दाब न देता लांब हात मारत कापा. खिडक्यांसाठी आधी वर्तमानपत्राचा साचा कापा. मग चंदेरी बबल शीट त्याहून अर्धा सेंटिमीटर मोठी कापली की ती चिकटपट्टीशिवाय चौकटीत घट्ट बसते.

छताचा झरोका रात्री बोटभर उघडा ठेवा. उबेसाठी गॅसची शेगडी मात्र आत कधीच पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि बर्थ वाढवायचा, सीट काढायची असे मनात असेल तर आधी आरटीओत विचारा. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आड येते.

रोज सकाळी गादी तासभर उभी करा. आमची नाश्ता होईपर्यंत खिडकीला टेकून असते.