ब्लोअर फक्त चारवरच चालतोय? आधी रेझिस्टर बघा

गाडीचा एसी किंवा हीटर एक, दोन, तीनवर गप्प आणि चारवर मात्र जोरात, असं झालं तर ब्लोअरची, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याची, मोटर बदलायची घाई करू नका. मोटर चांगली आहे, म्हणून तर ती चारवर फिरते. नॉबवाल्या बहुतेक गाड्यांत कमी वेगासाठी करंट रेझिस्टरमधून, म्हणजे करंट कमी करणाऱ्या भागातून, जातो, पूर्ण वेगाला तो थेट मोटरला मिळतो. म्हणजे दोष बहुधा रेझिस्टरचाच. हा छोटा भाग स्वस्त असतो, मोटर महाग.

तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, ब्लोअरच्या हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण तापल्यावर त्याला थंड करते ती हीच हवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कनेक्टर सोडवा, दोन स्क्रू काढा, रेझिस्टर हातात येतो. कनेक्टर नीट पाहा. प्लास्टिक वितळलेलं किंवा पिन काळी पडलेली असेल तर तोही बदला, नाहीतर नवा रेझिस्टर पुन्हा जळेल. रेझिस्टरमधला थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर करंट तोडणारा) उडाला म्हणून तिथे साधी वायर जोडून देणारे मेकॅनिक भेटतात. तसं मुळीच करू देऊ नका, आग लागू शकते.

रेझिस्टर का जळतो? केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारा) धुळीने भरला की हवा कमी येते आणि रेझिस्टर नीट थंड होत नाही. मोटर जड फिरत असेल तर ती जास्त करंट ओढते. म्हणून फिल्टर त्याच वेळी बदला आणि पंखा हाताने फिरवून बघा. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाडीत रेझिस्टरऐवजी बहुधा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. तिथे आधी स्कॅनर (गाडीतले दोष वाचणारं यंत्र) लावून घ्या.