राउटरला भलताच आयपी मिळाला तेव्हा

कोथरूडच्या घरात नवा राउटर लावला. वायफाय जोडलं गेलं, पण नेट नाही. स्टेटसच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, आयपी पत्ता १९२.१६८.१.३ आणि राउटरचा स्वतःचा, म्हणजे घरातल्या बाजूचा (लॅन), १९२.१६८.१.१. इथेच खटकलं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी नेटवर्कसाठी राखीव असतात. म्हणजे पत्ते वाटणारं मध्ये दुसरंच कुणीतरी होतं.

तो निघाला भिंतीवरचा फायबरचा बॉक्स. तोही आतून राउटरच, तोही डीएचसीपी चालवतो, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना आपोआप पत्ते वाटतो. दोन्हीकडे एकच मालिका असल्यामुळे डेटा आत पाठवायचा की बाहेर, हे माझ्या राउटरला कळेना.

राउटरचा लॅन आयपी बदलून १९२.१६८.५०.१ केला. दोन्ही बंद करून आधी बॉक्स, दोन मिनिटांनी राउटर सुरू केला. नेट आलं! गावी आईला व्हिडिओ कॉल लागला तेव्हा फार बरं वाटलं.

कॅमेऱ्याचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत पोचायची वाट) मात्र चालेना, कारण नॅट, म्हणजे आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलणं, बॉक्स आणि राउटर असं दोनदा होत होतं. कस्टमर केअरला सांगून बॉक्स ब्रिज मोडवर टाकून घेतला, म्हणजे तो राउटरचं काम सोडून डेटा नुसता पुढे देतो, पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरलं, आणि तेही सुटलं. तुमच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला, तर तो सीजीनॅट, म्हणजे कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. तिथे घरातली सेटिंग बदलून भागत नाही, कंपनीकडे पब्लिक आयपीच मागावा लागतो.