योरुबा घरी पूर्वजांच्या पूजेला बोलावलं तर काय करायचं

इबादान, ओयो, अबेओकुता, म्हणजे नायजेरियाच्या नैऋत्येकडच्या या पट्ट्यात कुणी योरुबा समाजातल्या मित्राने घरच्या पूर्वजांच्या पूजेला बोलावलं तर नक्की जा, पण जाण्याआधी भुताखेतांचा विचार डोक्यातून काढून टाका. तिथे पूर्वज म्हणजे घरचंच माणूस, फक्त आता ओरुनमध्ये म्हणजे पलीकडच्या जगात राहणारं. ते परत पण येतात, म्हणून तर आजोबा गेल्यावर जन्मलेल्या मुलाचं नाव बाबातुंडे ठेवतात, म्हणजे बाबा परत आले, आणि आजीनंतर मुलगी झाली तर येतुंडे. आणि हो, गेलेला प्रत्येक जण पूर्वज होत नाही, भरपूर वय झालेलं, मागे मुलंबाळं आणि चांगलं वागणं असलेलं माणूसच तिथे पोचतं.

घरात शिरलात की आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार. पुरुष पूर्ण आडवे होऊन दोबाले करतात, बायका गुडघे टेकतात. तुम्हाला पूर्ण जमलं नाही तरी चालेल, पण ताठ उभं राहून हात पुढे करू नका.

पूजा सुरू होते पाण्याने. साधं थंड पाणी जमिनीवर ओततात, कारण थंडावा म्हणजे शांतता, रागावलेलं मन सुद्धा निवतं. नंतर जिन किंवा श्नॅप्स अशी कडक दारू ओततात. मग घरातलं सगळ्यात मोठं माणूस नावं घ्यायला लागतं, वडील, त्यांचे वडील, त्यांच्या आई, आठवतील तितक्या पिढ्या, आणि मध्येमध्ये ओरिकी, म्हणजे त्या कुळाचं स्तुतीगान. मला विचाराल तर सगळ्या पूजेचा जीव इथेच आहे. नाव घेतलं की माणूस जवळ येतो असं ते मानतात, म्हणून इथे कुजबुजू नका, फोन तर बाहेर काढूच नका, आणि सगळे ‘आशे’ म्हणाले की तुम्हीही म्हणा, त्याचा अर्थ साधारण तसंच होवो.

आता ओबी, म्हणजे कोला नट, कोला झाडाचं बी. पूजेला चार पाकळ्यांचं ओबी आबाता लागतं, दोन पाकळ्यांचं गबांजा चालत नाही. नखाने फटीत जोर दिला की पाकळ्या सुटतात, मग त्या जमिनीवर टाकतात आणि कुठल्या उताण्या पडल्या कुठल्या पालथ्या ते सगळे वाकून बघतात. दोन उताण्या दोन पालथ्या म्हणजे पूर्वज राजी आहेत आणि सगळ्यांचे चेहरे लगेच सैल होतात. चारही पालथ्या पडल्या तर घाबरायचं नाही, काहीतरी राहिलंय, ते काय हे परत विचारलं जातं, म्हणजे ही एकतर्फी प्रार्थना नाहीच, बोलणं आहे दोन्ही बाजूंनी. नंतर तेच ओबी तुकडे करून वाटतात, कडू लागतं, तरी तोंडात टाका, नाही म्हणू नका.

नैवेद्यात आकारा, म्हणजे चवळीच्या वाटणाचे पाम तेलात तळलेले वडे, किंवा मोईमोई, म्हणजे तसंच वाटण वाफवून केलेलं, शिवाय त्या माणसाला जिवंतपणी जे आवडायचं ते. एक मात्र मनापासून सांगते, घरी येऊन हे सगळं स्वतः करायला जाऊ नका, ओबी टाकायचा अधिकार वंशातून आणि शिकून येतो, व्हिडिओ बघून नाही.

एगुनगुनच्या, म्हणजे पूर्वजांचं सोंग घेऊन निघणाऱ्यांच्या उत्सवाच्या दिवसात गेलात तर पूर्वज रस्त्यावरच भेटतील, नखशिखांत कापडात. त्या सोंगालाही एगुनगुनच म्हणतात. कुटुंब वर्षानुवर्षं त्या पोशाखावर नवीन, भारी कापडाच्या पट्ट्या चढवत जातं, त्यामुळे जुना पोशाख चांगलाच जड असतो, आणि तो गरगर फिरला की पट्ट्या उडून जो वारा येतो तो आशीर्वाद समजतात. आत कोण आहे ते विचारायचं नाही, ओळखीचं वाटलं तरी नाव घ्यायचं नाही, तो आता आरा ओरुन आहे, पलीकडचा रहिवासी, म्हणून घोगऱ्या, वेगळ्याच आवाजात बोलतो. कापडाला हात लावायचा नाही. सोबत छडी घेतलेला आतोकुन, म्हणजे त्याचा वाटाड्या असतो, तो मागे सरा म्हणाला की सरायचं. काही एगुनगुन बायकांनी बघायचेच नसतात, इबादानचा ओलोओलू त्यातलाच, तेव्हा बायकांनी आधीच घरच्यांना विचारून त्या वेळी आत थांबावं. पैसे द्यायचे असतील तर नायराच्या नोटा आतोकुनच्या हातात द्या, आणि एगुनगुन आशीर्वाद देत असेल तोवर मान खाली ठेवून तिथेच थांबा.