पाखरांची जोडी आणि हद्द पाहताना या चुका टाळा

मे महिन्यात वावरात पाय ठेवला की टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागते. एवढी ओरडते म्हणजे अंडी जवळच असणार, असं म्हणून बरेच जण मोबाइल काढून पुढे सरकतात. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. टिटवी काड्यांचं घरटं बांधत नाही. धुऱ्यालगतच्या मुरमाड जागेत उथळ खळगा करून बहुधा चार अंडी घालते, तीही मातीच्याच रंगाची. पायाखाली आली तरी कळत नाहीत. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या दुपारी त्या अंड्यांना ऊब नको, सावली हवी असते. म्हणून तर टिटव्या पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन अंड्यांवर बसतात. तुम्ही दहा मिनिटं तिथं रेंगाळलात, तर तेवढा वेळ अंडी उघड्यावर तापतात. ओरडणं सुरू झालं की आलात त्याच पावलांनी मागं फिरा, ते थांबेल इतकं लांब जा आणि बाभळीआड बसून बघा. ती पंख ओढत लंगडू लागली, तर जखमी समजून मागं धावू नका. तुम्हाला अंड्यांपासून लांब नेण्याचं ते सोंग आहे.

मोबाइलवर आवाज वाजवून नराला बोलावणं, ही चूक मी स्वतः केली आहे. मार्चातली सकाळ, आंब्याच्या शेंड्यावर दयाळ गात होता. त्याच्याच जातीचा आवाज लावला आणि तो तडक खाली आला. फोटो मिळाला. पण आवाज बंद केल्यावरही तो कितीतरी वेळ कुंपणात तो नसलेला नर शोधत राहिला. गाणंही नाही, किडे टिपणंही नाही. अजून ते डोळ्यांपुढून जात नाही. शिवाय असं बोलावून दिसलेलं वागणं निरीक्षणांच्या वहीत लिहिण्याजोगंही नसतं.

दयाळ किंवा चिमणा गाडीच्या आरशावर चोच मारतो, तेव्हा तो लाडात आलेला नसतो. प्रतिबिंब त्याला हद्दीत घुसलेला नर वाटतं. आरशावर फडकं बांधा.

नीलपंख, म्हणजे दसऱ्याला आपण ज्याचं दर्शन घेतो तो नीलकंठ, उंच जाऊन कर्कश ओरडत कोलांट्या खात खाली येतो. हे मादीसाठीही असतं आणि घुसखोराला हाकलण्यासाठीही. नुसत्या कोलांटीवरून ठरवू नका. नंतर काय झालं ते लिहा: दुसरा पक्षी शेजारी येऊन बसला, की पळाला?

सुगरणीचं अर्धवट खोपं दिसलं की टाकलेलं समजून काढून नेऊ नका. नाव सुगरण, पण विणणारा नर. तो अर्धं विणून थांबतो, मादीला पसंत पडलं तरच पुरं करतो.

गोंदिया-भंडाऱ्याकडे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सारस नाचताना दिसले की लगेच ‘प्रणय’ लिहू नका, ते वर्षभर नाचतात. नर-मादी रंगानं सारखीच असतात. दोघं मिळून ओरडतात तेव्हा कान द्या: नराच्या एका हाकेला मादीच्या बहुधा दोन. पण ऐकायचं ते बांधावरूनच, कारण पावसाळ्यात घरटं त्याच धानात असू शकतं.